भांगाची भरती

गणपती जाऊन महिना झाला, बांगड्याचा हंगाम लागला, आणि सुभद्राला वाटू लागलं की यंदा पाखाडी लांबली आहे.

पाखाडी म्हणजे खालच्या वाडीतून वर सड्यावर जाणाऱ्या, जांभ्याच्या दगडात खोदलेल्या पायऱ्या. होड्या लागल्या, किनाऱ्यावर लिलाव झाला, की वाडीतल्या सहाजणी मासळीच्या पाट्या डोक्यावर घेऊन एकीमागे एक ती चढत आणि वर पोचल्यावर जामसंड्याच्या घराघरांत पांगत. सुभद्रा सगळ्यांत पुढे. तीस वर्षं तीच पुढे.

पायऱ्या आपोआप वाढत नसतात एवढं तिला कळत होतं. तरी एका सोमवारी, होड्या गेल्या नव्हत्या तेव्हा, ती रिकाम्या डोक्याने पाखाडी चढली आणि मोजत चढली. शाळेचं तोंड न बघितलेल्या सुभद्राचे आकडे माशांचे होते, वीस-वीसाचे. पंधरा विसा नि आठ. लग्न होऊन आली तेव्हाही तेवढ्याच होत्या.

मग तिने पाटीवर संशय घेतला. जुनी पाटी पाणी पिऊन जड झाली असेल म्हणून नवी विणून घेतली. मग चुंबळीवर, मग चहावर. चार दिवस चहा सोडून नुसती पेज प्यायली. पाचव्या दिवशी चहा पुन्हा सुरू केला, कारण धाप होती तशीच होती आणि वर डोकं दुखायला लागलं होतं.

आता संशय घ्यायला ती स्वतः तेवढी उरली. तिथे शोध घ्यायची तिला मुळीच घाई नव्हती, आणि त्याला कारण होतं.

वाडीचा एक रिवाज होता. तो कोणी घालून दिला हे कोणाला माहीत नव्हतं, पण मोडलेला कोणी बघितला नव्हता. पाखाडीवर पाटी भुईला टेकवायची नाही. जिची टेकली, तिची वाट गेली. वाट म्हणजे त्या वाटेवरची सगळी घरं. कोणत्या घरी काट्याचा मासा चालत नाही, कोणती सासू गुरुवार मोडून गुपचूप सुंगटं, म्हणजे कोळंबी, मागते, कोणती बाई भाव पाडताना आधी मुलांची चौकशी करते, हे सगळं जमवायला वर्षं लागतात. पाटी टेकली की ते सगळं मागून चालणारीच्या पदरात. टेकवणारीने मग किनाऱ्यावर बसून सुकवणीच्या मासळीवरचे कावळे हाकायचे.

सुभद्राला तिची वाट राधाबाईकडून अशीच मिळाली होती. बाराव्या विशीच्या वळणावर राधाबाईने एके दिवशी पाटी खाली ठेवली होती. रडली नाही, काही नाही. पाटीकडे अशी बघत बसली, जशी ती दुसऱ्या कोणाची तरी असावी. तिच्या पाठीला लागूनच तेव्हा चोवीस वर्षांची सुभद्रा होती. वळसा घालून ती पुढे निघून गेली होती. वाईट मनाने नव्हे, तरण्या पायांनी.

आणि आता सुभद्राच्या पाठीला आनंदी होती. पुतण्याची बायको, वय चोवीस. आनंदीच्या मनात पाप असतं तर सुभद्राला सोपं गेलं असतं. निदान भांडता आलं असतं. पण ती बिचारी चढताना सासूच्या गोष्टी सांगायची, मध्येच हसायची, आणि तिचे पाय मागून तप तप वाजायचे.

एका सकाळी वरच्या पायऱ्यांवर सुभद्राच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. पदराचं टोक दातांत धरून ती कशीबशी वर पोचली. वर रस्त्याच्या मोरीपाशी दवाखान्यातली नर्स प्रेमलता मासळीसाठी उभी होती.

प्रेमलता घाटावरची. चाळिशी गाठलेली, एकटी राहणारी. दोन बांगडे घ्यायची आणि दहा प्रश्न विचारायची. मासा शिळा झाला हे डोळ्यावरून कळतं की गालावरून? गाभोळी कोणत्या महिन्यात भरते? सुभद्राला असली माणसं आवडत. बाकीच्या बायका भाव विचारतात, ही मासा विचारते. तिच्या पदराला पिन लावून एक घड्याळ टांगलेलं असे, आणि त्यात एक बारीक लाल काटा सतत पळत असे.

"सुभद्राबाई, हात द्या इकडे."

"कित्या? पैशे अजून तुमच्याच हातात आसत."

"हात द्या म्हणते ना."

तिने मनगट धरलं, लाल काट्याकडे बघितलं आणि सुभद्राला दवाखान्यात नेलं. छातीला नळी लावली. पुढून ऐकलं, पाठीकडून ऐकलं. दंडाला पट्टा गुंडाळून फुगवला. पायावर बोट दाबून सूज बघितली. पाळी कधी गेली विचारलं. पाच वर्षं झाली. वय विचारलं. ते सुभद्राला माहीत नव्हतं. थोरला झाला तेव्हा ती अठराची असावी आणि थोरला आता छत्तीसचा, यावरून चोपन्न निघालं. आपण चोपन्नच्या आहोत हे कळल्यावर सुभद्राला उगाच पाहुणी आल्यासारखं वाटलं.

"तुमचं काळीज उत्तम आहे," प्रेमलता म्हणाली. "रक्तदाब चांगला, छाती साफ. तुम्हाला काहीही झालेलं नाही."

"काय जावक नाय, तर मगे ह्यां होता कसां?"

नळी गुंडाळता गुंडाळता प्रेमलताचे हात थांबले. तिने कपाटातलं पुस्तक काढून पानं उलटली. पुस्तकात आजारी माणसांचे ठोके होते, तापकऱ्यांचे होते, निरोगी पुरुषांचे होते. डोक्यावर पाटी घेऊन तीनशे आठ पायऱ्या चढणारी चोपन्न वर्षांची धडधाकट बाई त्यात कुठेच नव्हती.

"माहीत नाही," तिने सरळ सांगून टाकलं. "पण मोजून बघता येईल."

दवाखान्यातलं माणूस 'माहीत नाही' म्हणतं हे सुभद्राने पहिल्यांदाच ऐकलं. तिचा त्या बाईवर विश्वास बसला तो तिथे.

पुढच्याच आठवड्यात वारं उठलं आणि होड्या ओढून ठेवल्या. मोकळ्या बायकांना तेवढीच करमणूक. सुभद्राने आणि आनंदीने पाटीत दहा-दहा नारळ घेतले आणि शेवटच्या चार विसा पायऱ्या जीव खाऊन, पळत चढायचं ठरलं. वर मोरीवर प्रेमलता घड्याळ धरून बसली. आनंदी आधी पोचली, सुभद्रा तिच्यामागे. दोघींच्याही तोंडून शब्द फुटत नव्हता. प्रेमलताने एक मनगट या हातात, एक त्या हातात धरून पाळीपाळीने मोजलं.

"आनंदी एकशे चौऱ्याऐंशी. सुभद्राबाई एकशे साठ."

सुभद्राने मनातल्या मनात विसा केल्या. आनंदीच्या नऊ विसा नि चार. आपल्या आठ विसा. आणि तिचा चेहरा उजळला.

वाडीत जन्म काढलेल्या कोणाही बाईचा उजळला असता. पाटी तेवढीच, पण एकीत मासे भरले दीडशे आणि दुसरीत शंभर, तर मोठा मासा कुठल्या पाटीत? आकडा कमी, मासा मोठा. यात विचारायचं काय?

"ऐकलास गो?" धाप लागलेली असतानाच तिने ओरडून सांगितलं. "माझे ठोके कमी!"

"म्हंजे माझां काळीज तारल्याचां नि काकीचां सुरमयचां?" आनंदी फुगली.

"थांबा, जाऊ नका," प्रेमलता म्हणत होती, "आणखी थोड्या वेळाने परत मोजायचे आहेत..." पण सुभद्रा पाटी उचलून पायऱ्या उतरायला लागलीसुद्धा. संध्याकाळपर्यंत सगळ्या वाडीला कळलं, की चोपन्न वर्षांच्या सुभद्राचं काळीज चोवीसच्या आनंदीपेक्षा तरणं आहे आणि ते सरकारी घड्याळावर मोजलेलं आहे.

वारं पडल्यावर पहिल्याच दिवशी बांगडा उदंड आला. सुभद्राने नेहमीपेक्षा दोन विसा जास्त घेतले आणि सुरमईचं काळीज घेऊन ती पाखाडीला लागली. पाय मुद्दाम उचलून टाकत होती. सहाव्या विशीला आनंदीला म्हणाली, "काय गो, मागे कशाक ऱ्हवलंस?" नवव्या विशीला बोलणं बंद झालं. बाराव्या विशीच्या वळणावर पाऊल उचलेना.

ती जांभ्याच्या कड्याला पाठ लावून रेलली. पाटी कलंडली. दोन बांगडे सटकून पायरीवर पडले. छातीत काय चाललंय ते कानात ऐकू येत होतं आणि कानाबाहेरचं काही ऐकू येत नव्हतं. एवढ्यात पाटीला कोणाचा तरी हात लागला.

"काकी, ठेव गो खाली," आनंदी कानाशी म्हणाली. "जरा ठेव. वाट माका नको. मी कोणाक सांगूचंय नाय."

मागे चौघी उभ्या होत्या आणि समुद्राकडे बघत होत्या. इतक्या मन लावून समुद्र त्यांनी कधीच बघितला नसेल. सुभद्राला त्या क्षणी आनंदीची माया शिवीपेक्षा जड वाटली. तिने मान हलवली, पाटी सरळ केली आणि गेली. कशी गेली हे तिला पुढे कधीच आठवलं नाही. वर गेल्यावर ती मोरीवर बसली आणि प्रेमलतासमोर मनगट धरून म्हणाली, "तुमचां घड्याळ खोटां बोलता."

"घड्याळ खरं आहे. आपण दोघी चुकलो," प्रेमलता म्हणाली. "माझं मोजणं अर्धं राहिलं आणि तुम्ही निकाल देऊन मोकळ्या झालात."

दुसऱ्या दिवशी ती स्वतः वळणावर येऊन बसली, वही मांडीवर. दोघींना सारख्या वजनाच्या पाट्या आणि सारखी चाल, पळायचं नाही. वळणावर मोजलं. आनंदी एकशे शेहेचाळीस, सुभद्रा एकशे पन्नास.

"सारकेच मां?" सुभद्रा म्हणाली. म्हणजे म्हणायला गेली. आवाज फुटायला वेळ लागला. आनंदी मात्र नणंदेच्या बाळाच्या बारशाची गोष्ट पहिल्या पायरीपासून सांगत आली होती आणि अजून कुंच्यापर्यंतच पोचली होती.

वर पोचून पाट्या विकून झाल्यावर प्रेमलताने दोघींना मोरीवर बसवलं.

"पाटी सारखी, चढ सारखा, म्हणून ठोके सारखे. तेवढं काम करायला काळजाला तेवढं पळावंच लागतं. आता त्या दिवशीचे आठवा. जीव खाऊन पळालात तेव्हा आनंदीचं काळीज एकशे चौऱ्याऐंशीपर्यंत गेलं. तुमचं एकशे साठला थांबलं. ते तरणं म्हणून थांबलं नाही, बाई. त्याच्या पुढे जाईना म्हणून थांबलं."

सुभद्रा बोटांवर करू लागली. वळणावर साडेसात विसा. माथा आठ विसांवर. मध्ये उरली अर्धी वीस. आनंदीजवळ अजून दोन विसा शिल्लक. त्या दोन विसांत नणंदेचं बारसं मावत होतं.

"आणि आणखी एक," प्रेमलताने वही दाखवली. "तुमच्यामागून मीही वर आले आणि पाच मिनिटांनी पुन्हा मोजलं. हिचं खाली आलं होतं. तुमचं अजून उतरतच होतं."

खाली खाडीचं पाणी चढत होतं. सुभद्राने तिकडे बोट केलं.

"बाय, तुमी घाटावरची. भांग म्हायत आसा तुमका?"

"केसांतला?"

आनंदी खिदळली. सुभद्राने तिला कोपर मारलं.

"पुनवेक नि आवसेक भरती खूप चढता. धक्क्याच्या वयल्या धोंड्याक लागता. तां उधाण. नि अष्टमीच्या सुमाराक भरती येता, पण खालच्या धोंड्यावरनाच मागे फिरता. तो भांग. आता भांगात खाडी आजारी आसता काय? नाय. पाणी येताच, होडी तरंगताच. पण वयल्या धोंड्याक पाणी लागणा नाय. किती बोंबललात तरी लागणा नाय."

प्रेमलता भराभर लिहून घेत होती. "म्हणजे आनंदीचं उधाण..."

"नि माझो आता भांग. कायमचो."

हे बोलून झाल्यावर सुभद्राला वाटलं होतं की रडू येईल. पण आलं ते कुतूहलच. इतकी वर्षं हा प्राणी आपल्या छातीत होता, आणि त्याचा वरचा धोंडा कधी खाली सरकला हे आपल्याला कळलंसुद्धा नाही. एका दिवसात तर सरकला नसेल. रोज एक तांदळाएवढा सरकत असेल.

"मग भांगात होडी बाहेर कशी काढतात?" प्रेमलताने वहीतून मान वर न करता विचारलं. हा तिचा नेहमीचाच, मासा-विचारणारा प्रश्न होता.

"गच्च भरूची नाय. नि पाणी येयसर वाट बघूची."

उत्तर देऊन सुभद्रा उठली. अर्धी पाखाडी उतरल्यावर आपण काय बोललो ते तिच्या ध्यानात आलं.

ती घरी गेली नाही. सरळ किनाऱ्यावर गेली. सुकवणीच्या मासळीपाशी राधाबाई बसली होती, ऐंशीच्या पलीकडची, हातात माडाचा हीर. सुभद्रा रोज तिच्यासमोरून जाई, सणाला गोडधोड देई, पण ते एक सोडून सगळं बोले. आज शेजारी बसली.

"राधाकाकी, त्या दिसा पाखाडीर तुका काय झाला होता?"

"खंयच्या दिसा?" म्हणत राधाबाईने कावळा हाकला. मग हसली. "तीस वर्सां लागली गो तुका इचारूक. काय जावक नाय माका. बरां चलत होतंय. पण मागसून तुझे पाय ऐकू येय. तप, तप, तप. त्या पायांच्या तालार माझां काळीज धावाक लागलां. धावता धावता सपलां."

"मगे थांबाक कशाक नाय? पाटी डोक्यार घेवन नुसती उभी ऱ्हवतंस तर?"

राधाबाईचा हीर हवेतच राहिला. कावळ्याने तेवढ्यात एक तारला पळवला.

"सुचलाच नाय," ती म्हणाली. "जो पुढे आसता, तेणा थांबूचा नसता, असां वाटला माका."

दुसऱ्या दिवशी सुभद्राने दोन विसा बांगडे कमी घेतले. रांगेत तिसरी चालणारी सुशीला डोळे बारीक करून बघत होती. सुभद्राने बघू दिलं. पाखाडी लागली. सहावी वीस, आठवी वीस. छातीतलं पाणी चढत चढत खालच्या धोंड्याला आलेलं तिला कळलं. दहाव्या विशीला ती बाजूला झाली, कड्याला पाठ लावली आणि पाटी डोक्यावर सांभाळत ताठ उभी राहिली.

"जा गो पुढे."

आनंदी जागच्या जागी थबकली. तिच्यामागे चौघी थबकल्या. "काकी? पुढे तू."

"माझी पाटी भुयेर आसा?"

"नाय."

"मगे वाट माझी. पुढची जागा तेवडी तुका दिलंय. जा, म्हावरां तापता."

आनंदी गेली. एकेक बाई अंग चोरून पुढून गेली. सुशीला जाता जाता म्हणालीच, "तीस वर्सां पुढे चलली, आज शेपटाक इली."

"होडयेचां सुकाणू खंय आसता गो?" सुभद्राने विचारलं. "शेपटाकच मां?"

सुशीलाच्या मागची फिसकन हसली आणि मग सगळ्या वर गेल्या. पाखाडी मोकळी झाली. तीस वर्षांत पहिल्यांदा, पाटी डोक्यावर असताना सुभद्राच्या मागे कोणाचेही पाय वाजत नव्हते.

तिने एक हात पाटीला ठेवला आणि दुसऱ्या हाताची दोन बोटं गळ्याला लावली, प्रेमलता लावायची तशी. लाल काटा नव्हता. पण खाली लाटा फुटत होत्या, आणि त्यांना घाई नव्हती. एक लाट फुटली की मोजायला लागायचं, दुसरी फुटली की थांबायचं. दोन लाटांमध्ये पुरते वीस. पुढच्या दोन लाटांत अठरा. मग सोळा. पाणी ओसरत होतं. सावकाश, पण ओसरत होतं. चौदा झाले तेव्हा ती निघाली. बाराव्या विशीचं वळण आलं आणि मागे पडलं. वर एकदा, चौदाव्या विशीला, ती पुन्हा उभी राहिली.

पोचली तेव्हा बाकीच्या पांगल्या होत्या. तिच्या पहिल्या दोन घरांनी सुशीलाकडून बांगडे घेऊन टाकले होते. हे व्हायचंच होतं, आणि लागायचं तेवढं लागलं. तिसऱ्या दारात यमुनाबाई परात घेऊन उभ्या होत्या.

"अगो, किती वाट बघायची? सुशीला आली होती, पण ती डोकी न दाखवता मासे देते. आज उशीर का झाला?"

"आतापासून एवडोच उशीर होतलो, वहिनी. चलात तर बघा."

यमुनाबाईंनी बांगड्याचा गाल उलटून बघितला. "ताजा असला म्हणजे झालं," म्हणाल्या, आणि परात पुढे केली.

परतताना मोरीवर आनंदी बसलेली दिसली. प्रेमलताने तिचं मनगट धरलेलं, आणि कपाळाला आठी.

"आज वर आल्यावर पाच मिनिटांनीही हिचे कालच्यापेक्षा वीस जास्त भरले," प्रेमलता म्हणाली. "वर आली तेव्हा घामाने भिजली होती. पाटी तीच, मग का?"

आनंदीने काकीकडे बघितलं. बारशाची गोष्ट आज कुठल्या पायरीवर पडली होती कोण जाणे.

"पुढे चलताना मागचे सगळ्यांचे पाय ऐकू येतत गो काकी," ती हळूच म्हणाली.

"येवंदेत," सुभद्रा म्हणाली. "उभ्या ऱ्हवाक येता, एवडां ध्यानात ठेव. माका कोणी सांगाक नाय." आणि प्रेमलताकडे वळून, "लिवा, बाय. पुस्तकात नाय म्हणालात मां?"

प्रेमलता लिहीतच होती.

पाखाडी उतरून सुभद्रा किनाऱ्यावर आली. राधाबाईपाशी तिने रिकामी पाटी भुईला टेकवली. पाखाडी संपली होती, तिथे टेकवलेली चालत होती. मग तिने म्हातारीचं मनगट हातात घेतलं. सुक्या माशाच्या काट्यासारखं हलकं होतं ते. दोन बोटं ठेवून ती समुद्राकडे बघत राहिली.

"काय करतंस गो?" राधाबाईने विचारलं. "किती आसत?"

"गप ऱ्हव," सुभद्रा म्हणाली. "लाट फुटांदे."